विहीणबाईंच्या ग्लासातलं पाणी

देसांका : शी! रादोये, बघ तरी इकडे. ही फिल्टरची कँडल आहे की मेलेली गोगलगाय? आणि ह्यातून गाळलेलं आपण पीत होतो!

रादोये : आपण नाही, तू. मी माझ्या फिल्टरचं पितो, न्हाणीतल्या नळाचं. हा नवाब तुझ्या भावाचा.

देसांका : स्पासोयेने स्टुटगार्टहून हौसेने आणलाय. त्याला दिवा आहे, दिवा! तुझ्या जत्रेतल्या डबड्याला काय आहे?

रादोये : नवाबाला दिवा आहे ना. पाणी बरं असलं की हिरवा, कँडल बदलायची झाली की लाल. नाताळपासून लाल आहे. म्हणून तर त्याच्यावर तू संत निकोलाचं चित्र चिकटवलंस.

देसांका : मग काय करू? तसली कँडल अख्ख्या बानात प्रांतात मिळत नाही. व्हिनेगर ओतून ओतून घासत होते.

रादोये : आणि संताच्या भरवशावर पीत होतीस.

देसांका : थट्टा पुरे. कोसाराबाई निघाल्यात तिकडून. मागच्या खेपेचं विसरलास? चेरीच्या मुरांब्याचा चमचा तोंडात घातला, ग्लास नाकाशी नेला, आणि घोट न घेता तस्साच ठेवला. ताटात नाही ठेवला, माझ्या थोबाडावर ठेवला. वर पाद्र्याच्या बायकोला सांगून गेल्या, "ज्या घरचं पाणी माझ्या घशाखाली जात नाही, तिथली सून मी कशी करू?" पोरीने तेव्हापासून अन्न टाकलंय. आज पाणी प्यायल्या नाहीत तर ल्युबिंकाचं लग्न मोडलं म्हणून समज.

रादोये : बाटलीचं दे की.

देसांका : पाहुण्याला मुरांब्यावर घरचंच पाणी द्यायची रीत, आणि दुकानातलं देऊ? त्यापेक्षा दारच उघडू नये. आण तुझं डबडं. दोन्हीचे ग्लास शेजारी शेजारी ठेवू.

रादोये : हा घे नवाबाचा. पिवळाधमक, वर तवंग. आजारी घोड्याने जसं...

देसांका : बोलू नकोस! सडक्या अंड्याचा वास मारतोय नुसता. आणि हा तुझा... अगंबाई. हा नितळ आहे की रे! अंडं नाही, गंज नाही. उलट कसलासा गोड वास येतोय.

रादोये : जत्रेतलं डबडं ते.

देसांका : हरले, बाबा. बसव ते इथल्या नळाला. लवकर! गाडी वाजली बाहेर.

(बैठकीच्या खोलीत कोसाराबाई. मुरांब्याचा चमचा चाटूनपुसून झाला आहे.)

कोसारा : घाबरू नका, आज नाक धरूनच पिणार आहे. मुलाने शपथ घातलीय मला. हं... अं? थांबा. थांबा हं. ...संपला की हो! अजून आहे का?

देसांका : आहे म्हणजे काय! बसा तुम्ही, आत्ता आणते. (स्वयंपाकघरात येऊन) रादोये! अरे, प्यायली! तळाशी थेंब ठेवला नाही!

रादोये : हळू बोल. भिंत पातळ आहे.

देसांका : नळ सोड. हं... हा वास आलुबुखाराचा आहे. आपल्या रकियाचा! माझ्याकडे बघ. फिल्टरचं काय केलंस?

रादोये : काही नाही गं. पिंपाच्या तोटीला लावून तेवढी रकिया गाळून घेतली.

देसांका : दारू कोण गाळतं फिल्टरमधून?

रादोये : ज्याच्या पिंपात उंदीर पडतो, तो.

देसांका : उंदीर.

रादोये : बारका होता. म्हणजे, पडला तेव्हा बारका असणार. सापडला तेव्हा फुगला होता.

देसांका : आई गं! शी शी शी! ओतून द्यायचं सोडून...

रादोये : पिंपभर ओतू? बापाने लावलेल्या झाडांची आहे ती! लग्नासाठी राखलीय. आणि केस सगळे कँडलमध्येच अडकलेत, एक खाली आला नाही. तुझ्या भावाच्या दिव्याला जमलं असतं?

कोसारा : विहीणबाई! अहो विहीणबाई, कुठे राहिलात?

रादोये : ऐकलंस? विहीणबाई म्हणाली. जा.

देसांका : (बैठकीत येऊन) हा घ्या दुसरा.

कोसारा : मी दारूच्या थेंबाला शिवत नाही हो, पण ह्या पाण्याने गुडघ्यांना ऊब आली. आमच्या नोवी सादला असलं पाणी नाही! द्राक्षं उतरली की लग्न उरकून टाकू. माझं वचन.

देसांका : देव तुमचं भलं करो.

कोसारा : पण मागच्या वेळी मी तुमचा अपमान केला, तो आज धुऊन काढायचा. एकाच ग्लासातलं दोघी पिऊ. तुम्ही आधी.

देसांका : मी... माझं आत्ताच पिऊन झालंय.

कोसारा : तुमच्या घरचं पाणी तुम्हीच पीत नाही का?

देसांका : ल्युबिंका, इकडे ये गं. अशी समोर उभी राहा, मला दिसशील अशी. ...हं. आणा तो ग्लास, विहीणबाई.