तारेवरचा सदरा

तलाठी : मग तारेवर हा सदरा कोणाचा वाळून राहिला, बाई?

दामिनी : त्यायचा... माझ्या नवऱ्याचा.

तलाठी : अर्जात तर लिहिलंय, नवऱ्यानं टाकून दिलं. निराधार योजनेत टाकलेली बाई बसते. जिच्या घरी माणसाचा सदरा वाळते, ती कशी बसन?

दामिनी : दीड वर्ष झालं साहेब, ते फिरकलेच नाही. रुचिता पोटात होती तेव्हा गेले.

तलाठी : अन् सदरा आपोआप भिजला? रुखमाबाई, तुम्ही सासू. तुम्ही सांगा, पोरगा केव्हा येऊन गेला?

रुखमा : पोरगा नाई आला. सदरा म्या धुतला.

तलाठी : कायले?

रुखमा : आज मोहाडीचा बाजार. समदं गाव ह्याच रस्त्यानं जाते. तारेवर सदरा दिसला का लोकायले वाटते, घरी माणूस हाय. मंग कोणी सुनेकडं वाकडं पाहात नाई. दर बाजाराले टांगते मी.

तलाठी : अहो, मग कोरडाच टांगायचा!

रुखमा : कोरड्याचं पाणी गळते का भाऊ? शेजारची गोदावरी लय बारीक पाह्यते.

तलाठी : तिलेच आत्ता विचारून आलो. म्हणे, अंकुश रातच्या गाडीनं येते, पहाटे जाते.

रुखमा : ते मीच सांगतलं होतं तिले.

तलाठी : झालं! आता पंच कोणाले करू? गावाले तर तुम्हीच पटवून ठेवलं.

दामिनी : राहू द्या साहेब. अर्ज मागं घेते मी. आईले चार लोकांत नका विचारू. एकच पोरगा आहे त्यायले.

रुखमा : तू चूप राह्य वं! भाऊ, हे लेकराले धुऱ्यावर, बांधावर निजवते अन् दिवसभर चिखलात धानाचा रोवणा करते. घरी आली का पयले मले वाढते. माहेरचे दोनदा न्यायले आले. गेली नाई.

दामिनी : तुमाले एकटं टाकून कुठं जाऊ?

रुखमा : आयकलं? पोटचा गेला, हे राह्यली. ए गोदावरे! कुंपणाआडून आयकूनच राह्यली, तं समोर ये.

(गोदावरीबाई कुंपणाशी येते. हातात निवडायच्या तांदळाचं सूप.)

रुखमा : अंकुश रायपूरले हाय. दुसरी बाई केली त्यानं. माह्या सुनेले टाकलं. मी तुले खोटं सांगतलं. लिहा भाऊ.

गोदावरीबाई : मले ठाऊक होतं, रुखमे.

रुखमा : आँ? मंग साहेबाले काहून म्हणली, येते म्हणून?

गोदावरीबाई : दर बाजाराले तू एवढ्या जिवानं सदरा पिळते. मी काय तुले खोटी पाडू? लिहा साहेब, पंच म्हणून माहं नाव लिहा.

तलाठी : लिहितो. तालुक्याची समिती पाहीनच, पण माझ्याकडून बसते तुमची सून. रुखमाबाई, अंगठा का सही?

रुखमा : सही. हिनंच शिकवली, चुलीपुढं, राखेत बोट फिरवून.

दामिनी : आई... सदरा काढून ठेवू का?

रुखमा : वाळू दे. रुचीले झबलं बेतू त्याचं. धुऊन धुऊन लय नरम झाला हाय.