साहेबाला न ओळखता आलेला नळ

आता तुम्हीच सांगा गं, यात माझं काय चुकलं?

कामण गावातल्या आमच्या नळाच्या कारखान्यात जर्मनीचा साहेब यायचा होता. शेठ आदल्या दिवशी म्हणाले, "मावशी, त्याला पसंत पडलं तर त्यांची नवी मशीनं इथे येतील, ते काम शिकवतील आणि तुम्ही सगळ्या बाया पर्मनंट. तुमचं सगळ्यात चांगलं काम काढून ठेवा."

पॉलिश करून माझी बोटं झिजली, चांगलं काम कुठलं ते मला ठाऊक नाही? मागच्या खोलीतून दोन नळ आणले आणि साहेबापुढे ठेवले. ऑफिसातल्या मुलीला म्हटलं, "सांग त्याला इंग्रजीत. एक तुमच्या कंपनीचा, एक आमच्या हातचा. ओळखा!"

साहेबाने चष्मा लावला. दोन्हीवर कोरलेलं आपल्या कंपनीचं नाव वाचलं. बराच वेळ बघून एक उचलला, म्हणाला, "हा आमच्या कंपनीचा." तो नेमका आमच्या हातचा! आम्ही बायांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब काही हसला नाही. विचारलं, "असे किती बनवता?"

मी ताठ मानेने म्हटलं, "सांगाल तेवढे."

तो चहा न पिताच गाडीत जाऊन बसला.

शेठ ओरडले, "मावशी, अहो, त्यांचं नाव चोरून केलेला माल मालकालाच दाखवलात?"

"चोरीचा? मला तर तुम्ही त्यांच्याच ऑर्डरचा म्हणाला होतात!"

मशीनं काही आली नाहीत. मला अजून कळत नाही, नळ ओळखायला चुकला तो, मग पर्मनंट व्हायच्या आम्ही का राहिलो?