डबीतला तुकडा

पनवेलच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेर, माझ्या शेजारी आई आणि मुलगा बसले होते. मुलाची बायको आत होती. नर्सने मुलाच्या हातात एक डबी आणून दिली.

“अझहर, काय आहे हे?”

“झेबाच्या पोटातला तुकडा, अम्मी. दुर्बिणीतून काढलाय. लाइन आळीतल्या लॅबमध्ये द्यायचाय.”

“म्हणजे आजार निघाला ना?”

“नाही. आजार कोणता, ते यावरून कळणार.”

“मग दुर्बिणीतून काय बघितलं?”

“डाग दिसले म्हणे. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच बाहेर वाढलंय. पण पक्कं लॅबवाले सांगणार.”

“सोनोग्राफी तर साफ होती. म्हणून तर मी म्हटलं, नाटकं करते.”

“मीही तेच म्हटलं.”

“पाळीत माझंही असंच दुखायचं रे. उलट्या व्हायच्या. तुझी दादी म्हणायची, सगळ्याच बायकांचं दुखतं.”

“अम्मी, मी लॅबमध्ये जाऊन येतो.”

“तू थांब. ती शुद्धीवर आली की तू दिसायला हवास. डबी मी नेते.”

“तिला काय सांगू?”

“सांग, तुझं खरंच दुखत होतं.”

“पण रिपोर्ट कुठे आलाय अजून?”

“तो आजाराचा. दुखण्याचाही रिपोर्ट लागतो का?”