पिंपवाल्याचं घराणं

(सिंगापूर, १९९७. बिशानमधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. बुधवारची संध्याकाळ. हॉलच्या कोपऱ्यातल्या फॅक्स मशीनमधून कागद बाहेर येतो आहे, येतोच आहे.)

नीता: अहो, थांबवा ते! कागद स्वयंपाकघरापर्यंत आला.

प्रबोध: थांबवू कसा? अमेरिकेतून येतोय. मध्येच तोडला तर एखादी पिढी कापली जायची.

नीता: तीन पिढ्या मागवल्या होत्या ना तुम्ही?

प्रबोध: तीनच. चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं मी. मुलाचा बाप, आजा आणि पणजा यांची नावं कळवावीत, कन्यादानाच्या वेळी गुरुजींना म्हणावी लागतात. बस. एवढ्यावर या बाईनं मला पार शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत नेऊन सोडलंय.

नीता: विहिणीला 'या बाई' म्हणू नये.

प्रबोध: विहीण झाली कुठे अजून? मी हो म्हटलंय का?

नीता: शनिवारी लग्न आहे. आज बुधवार.

प्रबोध: म्हणून तर घाई चाललीय. घराणं बघितल्याशिवाय मी पोरगी देणार नाही.

नीता: आठ महिने तो डॅनियल खाली लिफ्टपाशी उभा राहून जाईची वाट बघतो. घरात घेतला नाहीत त्याला. आणि घराणं बघताय! तेही फॅक्सवर.

प्रबोध: हस, हस. अगं, मुलीसाठी स्थळं बघायची म्हणून किती वर्षं दबा धरून बसलो होतो मी. वाटलं होतं, पुण्याला जाऊ, चार घरी पोहे खाऊ, मुलाच्या बापाला आडून आडून प्रश्न विचारून घाम फोडू. निवृत्त चीफ इंजिनिअरला दुसरा कुठला छंद असणार? आणि नशिबात आलं काय, तर जमिनीवर रांगत दुसऱ्याचे पूर्वज गोळा करणं. पोहेसुद्धा नाहीत.

नीता: टाकते पोहे. म्हणजे तुमची चौकशी विधिवत होईल.

प्रबोध: कांदा जास्त घाल.

जाई: आई, मी आले. अरे! हे काय? मी चपला कुठे काढू? सगळीकडे पेपर!

प्रबोध: जपून. तू सासऱ्याच्या खापरपणजोबांवर उभी आहेस.

जाई: डॅनच्या आईनं, मार्थानं पाठवलं? सो फास्ट! बाबा, तिचा हा छंद आहे. बारा वर्षं ती चर्चची रजिस्टरं आणि कबरींवरची नावं शोधत फिरतेय.

प्रबोध: तरीच. मी एक नट मागितला, तिनं अख्खं इंजिन पाठवलं.

जाई: मग? सापडलं का काही वाईट?

प्रबोध: तोच तर वैताग आहे! डॅनियलच्या बापाकडचे सगळे जर्मन. पहिला जो अमेरिकेत उतरला तो योहान. सतराशे अडतीस साली ऱ्हाईन नदीतून रॉटरडॅमला आला, तिथून फिलाडेल्फियाच्या बोटीत बसला. धंदा काय, तर लाकडी पिंपं करायचा. त्याचा मुलगा पिंपं करायचा. नातू? पिंपं. मार्थाच्या माहेरचे डच. ते त्याच्याही आधी हडसन नदीकाठी जाऊन बसलेले. गिरणीवाले. दळण दळायचे.

जाई: सो?

प्रबोध: अगं, मला वाटलं होतं, एखादा सरदार तरी निघेल, म्हणजे पुण्यात सांगायला बरं. नाहीतर एखादा दरोडेखोर तरी निघेल, म्हणजे नाही म्हणायला बरं. यांच्यात दोन्ही नाही. सगळ्या घराण्यात मिळून एक गुन्हा. कुणा पीटरची डुकरं चर्चच्या आवारात शिरली म्हणून त्याला दंड झाला होता.

नीता: आपल्याकडे तुमच्या धाकट्या काकांनी काय काय केलंय, ते कळवायचं का त्यांना?

प्रबोध: धाकट्या काकांचा इथे संबंध नाही.

जाई: म्हणजे डॅन पास.

प्रबोध: थांब. गोत्र राहिलं.

जाई: बाबा, ही इज अमेरिकन.

प्रबोध: असू दे. शास्त्रात सोय आहे. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही, त्याचं गोत्र कश्यप. म्हणजे डॅनियल झाला कश्यप गोत्राचा. आणि आपलं गोत्र कोणतं?

नीता: कश्यप. अहो, काय बोलताय तुम्ही!

प्रबोध: सगोत्र! सगोत्र विवाह होत नाही. मी काय करू? माझ्या हातात नाही.

जाई: आर यू सीरियस? त्याचे लोक जर्मनीचे, आपण रत्नागिरीचे, आणि तुम्ही म्हणताय तो माझा भाऊ? कॅनॉट लाह, हे नाही चालणार, बाबा!

प्रबोध: मी दुपारी गुरुजींना ऑफिसात फोन करून हेच विचारलं.

नीता: प्रसन्नला? बिचारा आठवडाभर कॉम्प्युटर दुरुस्त करतो, शनिवार-रविवार लग्नं लावतो. त्याला कामाच्या वेळी छळलंत?

प्रबोध: छळलं. तो म्हणाला, 'काका, सर्व्हर बंद पडलाय, त्यांना वसिष्ठ देऊन टाका.' एका वाक्यात माझा हुकमाचा एक्का गेला.

जाई: हसू नका. मी आज खरंच विचारायला आलेय. शनिवारी तुम्ही आणि आई कन्यादानाला बसणार की नाही? स्मितामावशीनं तिच्या बुकित तिमाहच्या काँडोतला हॉल घेतलाय. ती म्हणते, बाबा नसले तर ती आणि काका बसतील. पण मला ते नकोय. मला तुम्ही हवे आहात.

प्रबोध: पोहे झाले का गं?

नीता: झालेत. आधी तिला उत्तर द्या.

जाई: बाबा, घराणं-बिराणं सोडा. डॅनमध्ये नेमकं काय आवडत नाही?

प्रबोध: तो चांगला आहे गं. मला दिसत नाही का? गॅलरीतून बघतो मी. पावसात तुझ्या डोक्यावर छत्री धरतो आणि स्वतः भिजतो. बावळट आहे जरा, पण ते आपल्याही घराण्यात चालत आलंय.

जाई: मग?

प्रबोध: मला भीती वाटते. झालं? तो तुला दोन वर्षांनी पेनसिल्व्हेनियाला नेणार. तिथे तू त्यांच्यातली होणार. तुझ्या मुलांना डुकरांचा पीटर माहीत असेल, आम्ही नसू. आपल्या घराण्यातून तू पुसली जाशील, जाई. एवढंच आहे. बाकी गोत्र वगैरे म्हाताऱ्याची सोंगं.

नीता: हे आठ महिन्यांपूर्वी बोलला असतात तर त्या मुलाचे पाय दुखले नसते.

जाई: बाबा... हे शेवटचं पान बघितलंत? हे तुमच्यासाठी आहे. ती आपली वंशावळ विचारतेय. तिला मोठ्या तक्त्यात दोन्ही बाजू भरायच्या आहेत.

प्रबोध: आपली? आण इकडे! याला म्हणतात घरंदाज बाई. नीता, कपाटातून आपला कुलवृत्तांत काढ. आता दाखवतो पिंपवाल्यांना. लिही, जाई. मी प्रबोध. माझे वडील गजानन. त्यांचे वडील सदाशिव, त्यांचे वडील बाळंभट, त्यांचे वडील पुन्हा सदाशिव, त्यांचे वडील...

जाई: हळू, हळू! पाच झाले. पण बाबा, हा एक उभा रकाना राहिला. प्रत्येकापुढे बायको आहे. तिचं जन्माचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव.

प्रबोध: हां. बाळंभटांची पत्नी... पुस्तकात बघ.

जाई: 'पत्नी लक्ष्मीबाई'. एवढंच. सदाशिवांची 'पत्नी सीताबाई'. दुसऱ्या सदाशिवांचीही सीताबाई. ही लग्नानंतरची नावं ना?

नीता: सासरी ठेवलेली.

जाई: आणि मी कुठे आहे? हे छापलं तेव्हा मी शाळेत होते. हां, सापडलं. 'प्रबोध, सागरी अभियंता, वास्तव्य सिंगापूर. पत्नी नीता. एक कन्या.'

प्रबोध: पुढे?

जाई: पुढे काही नाही. पुढे तुमचे चुलतभाऊ सुरू होतात.

प्रबोध: असं कसं? दाखव. ...मुलींची नावं छापायची पद्धत नव्हती ती. मुली दुसऱ्या घराण्यात जायच्या म्हणून.

जाई: आणि त्या दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात?

नीता: तिथे त्यांचं सासरचं नाव.

जाई: म्हणजे मुलगी कुठेच नाही. आणि तुम्ही म्हणता मी अमेरिकेत पुसली जाईन.

प्रबोध: तुझ्या त्या मार्थाच्या कागदात काय मोठं सोनं लागलंय, बघू. आण तो पिंपवाला. योहान. त्याची बायको... ॲना मारिया. तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं आहे. आणि खाली लिहिलंय... ही बोटीवरच वारली.

जाई: हो. अमेरिका दिसलीच नाही तिला.

प्रबोध: समुद्रात सोडली असणार. म्हणजे कबर नाही, दगड नाही. आणि अडीचशे वर्षांनी बिशानमध्ये बसून मी तिच्या बापाचं नाव वाचतोय.

नीता: पोहे गार होतायत.

प्रबोध: होऊ देत. जाई, गजाननांच्या पुढचा रकाना भर. माझी आई. लिही, आशालता.

जाई: ते जन्माचं नाव आहे?

प्रबोध: नाही. ते माझ्या वडिलांनी ठेवलेलं. जन्माचं... आई गेली तेव्हा मी हॅम्बुर्गला होतो, बोटीवर. तार आली. मी जर्मनीत बसून आईसाठी रडलो, आणि मला तिचं नाव माहीत नाही. विचारणार तरी कुणाला आता? मामा गेले, मावशी गेली. मी बाळंभटाचा बाप सांगतो छाती काढून, आणि मला माझी आई सांगता येत नाही. काय घराणं बघायला निघालो होतो मी!

नीता: द्वारका.

प्रबोध: काय?

नीता: द्वारका नाव होतं त्यांचं. वडील केशवराव, गुहागरचे. घरात बारकी म्हणायचे.

प्रबोध: तुला कुणी सांगितलं?

नीता: त्यांनीच. जाईच्या वेळी बाळंतपणाला आल्या होत्या तेव्हा. मी विचारलं म्हणून सांगितलं. नंतर बराच वेळ डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, लग्नानंतर कुणी विचारलंच नव्हतं.

प्रबोध: आणि मी कुठे होतो?

नीता: बोटीवर.

प्रबोध: हो. मी कायम बोटीवरच असतो. जमिनीवर असलो तरी.

जाई: लिहिलं, बाबा. द्वारका, केशवरावांची मुलगी. आता आई.

प्रबोध: हे मला येतं! शैला. वडील दत्तात्रय.

नीता: आठवतंय म्हणजे.

प्रबोध: तुझा भाऊ अजून तशीच हाक मारतो ना.

जाई: मला वाटायचं, मामा लाडानं म्हणतो.

नीता: लाडानं नाही गं. वीस वर्षं मी शैलाच होते. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. यांनी 'नीता' लिहिलं. सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या, आणि ते तांदूळ कुणीतरी गोळा करून डब्यात ओतले.

प्रबोध: तुला आवडलं नव्हतं?

नीता: अक्षर चांगलं होतं तुमचं.

प्रबोध: हे कुणाचं अक्षर? या कागदावर, अगदी खाली?

जाई: मार्थाचं. तक्ता छापलेला आहे, पण ही शेवटची ओळ तिनं हातानं लिहिलीय. डॅनियलच्या शेजारी. 'जाई. प्रबोध आणि नीता यांची मुलगी. जन्म मुंबई.' आणि कंसात विचारलंय, स्पेलिंग बरोबर आहे ना?

प्रबोध: लग्नाआधीच लिहून मोकळी झाली?

जाई: तिनं तुमच्या होकाराची वाट नाही बघितली. सॉरी.

प्रबोध: बरं झालं. माझ्यासाठी थांबली असती तर तिच्याही पुस्तकात 'एक कन्या' राहिली असतीस. कळव तिला, स्पेलिंग बरोबर आहे. आणि लिही, आमच्याकडून स्थळ पसंत आहे.

जाई: त्यांनी तुमची पसंती मागितलीच नव्हती.

प्रबोध: तरी लिही. मुलीचा बाप आहे मी, काहीतरी कळवायला नको?

नीता: म्हणजे शनिवारी बसायचं आपण. मग तांदळाचं ताट मांडायचं का?

जाई: मांड ना. मला आवडेल. पण मी नाव बदलणार नाही.

नीता: मग डॅनियल काय लिहील?

जाई: जाईच. दुसरं काय?

प्रबोध: त्याला मराठी लिहिता येतं?

जाई: अजिबात नाही.

प्रबोध: मग चारचौघांत हसं व्हायचं त्याचं. उद्या त्याला वर जेवायला बोलाव. तासभर लवकर ये म्हणावं. सरावाला तांदूळ मी काढून ठेवतो.