एवढ्याशा दाण्याची ताकद

कोलशेतच्या दवाखान्यात मेघालीच्या शेजारी दोन म्हाताऱ्या कोळणी बसल्या होत्या.

"हौसे, आंबवलेल्या सोयाबीनची गोळी गो! सुनेनं आणली, हृदयाला चांगली म्हणून."

"आणि डॉक्टरांची रक्त पातळ करायची गोळी?"

"ती पण चालू. दोन गोळ्या, दुप्पट जोर!"

"गुण आला, आवडे?"

"चमत्कार गो बाय! सकाळी कोलंबीचा काटा लागला, रक्त अजून थांबत नाय. एवढं पातळ झालंय!"

"अगं बाय! एवढ्याशा दाण्यात एवढी ताकद! डॉक्टरांना सांगितलंस?"

"सोयाबीनचं काय सांगायचं?"

बोटाला गुंडाळलेला पदर लाल झाला होता. तेवढ्यात मेघालीचं नाव पुकारलं.

"आजी, माझ्या नंबरावर तुम्ही आत जा. बोट दाखवा, गोळीचंही सांगा."

आवडाबाई हरखून उठली.

"बघ हौसे, आता डॉक्टर पण थक्क होतील!"