हळदीआधीची सून

जन्म माझा नामपूरचा, म्हणजे आईच्या माहेरचा, पण वाढलो सगळा पिंपळगाव बसवंतला. वडील कांदा मार्केटात हमाली करायचे, ते लवकर गेले, मग आईनं पॅकहाऊसमध्ये कात्रीनं द्राक्षाचे घड साफ करत मला मोठं केलं. मी आयटीआय केलं, फ्रीज-एसीचं, आणि कोल्ड स्टोरेजला लागलो. आमच्याकडं द्राक्षं थंडीत बसतात आणि माणसं उन्हात, मी माणूस असून थंडीत, एवढाच काय तो माझा रुबाब. तिथूनच एका ओळखीनं टांझानियाला गेलो, दारेसलामला, माशांच्या कोल्ड स्टोरेजला. गावात जो तो म्हणायचा, आफ्रिकेला चाललास, सिंह बघून ये. सिंह काय दिसला नाय. कॉम्प्रेसर दिसले आणि नीमा दिसली.

नीमा वजनकाट्यावर होती. कॉम्प्रेसर बंद पडला की ती तिच्या भाषेत माझ्यावर ओरडायची, मला वाटायचं विचारपूस करतीय, मी आपला हसून मान हलवायचो, पुढं भाषा कळायला लागली तोपर्यंत उशीर झाला होता, ती आवडली होती. तिच्या वडलांनी सगळ्या नातेवाइकांसमोर तिचा हात माझ्या हातात दिला, तिची आई रडली, मग सरकारी कचेरीत आमच्या सह्या झाल्या. आईला फोन केला, म्हटलं आई, लग्न झालं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, म्हणजे साखरपुडा झाला म्हणायचं.

इथून सगळं सुरू झालं बघा. माझं तिथलं काम संपत आलेलं, नीमाला घेऊन गावी यायचं ठरलं, तिच्या व्हिसाचं काम आबामामानं अंगावर घेतलं. आबामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. गावात कुणाचंही लग्न असो, स्टेजवर माइक धरून पाहुण्यांची नावं पुकारायला मामाच. नामपूरला त्याच्या ओळखीचा एक एजंट होता. एजंटनं विचारलं, बाईचं लग्न झालंय का? मामा म्हणाला, नाय, हळद बाकी हाय. मग कशाला येतीय? पाव्हणी म्हणून येतीय, लग्न इथं आल्यावर. त्यानं लिहिलं, अविवाहित, पर्यटक. पुढं मी मामाला विचारलं, मामा, आमच्या सह्या झाल्यात हे माहीत होतं ना तुला? तर मामा म्हणतो, सही करीसन काय लगीन व्हस का? सही करीसन टॅक्टर लेतस. मामाची ही अहिराणी, म्हणजे सही करून लग्न होत नसतं, सही करून ट्रॅक्टर घेतात. व्हिसा आला, आम्हाला वाटलं व्हिसा म्हणजे व्हिसा, एसटीच्या तिकिटासारखा, एकदा गाडीत बसलं की झालं.

इथं आलो तर आईनं नीमाला दारात ओवाळलं आणि सांगितलं, हळद लागेपर्यंत ही चुलत्याच्या घरी राहील. काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या लग्नाच्या बायकोला मी रोज जेवण झालं की चुलत्याच्या ओट्यापर्यंत सोडून यायचो, चुलती दारातूनच म्हणायची, जावईबापू, आता निघा. नीमा आधी हसायची, मग हसायची बंद झाली. शेवटी हळद झाली, मंगलाष्टकं झाली, मामानं माइकवरून आफ्रिकेच्या पाहुण्यांचं स्वागत केलं, आफ्रिकेची पाहुणी एकच, ती बोहल्यावर उभी.

मग लग्नाची नोंद केली आणि नाशिकला गेलो, परदेशी माणसांची कामं होतात त्या कार्यालयात, म्हटलं हिला आता बायको म्हणून राहायचा व्हिसा द्या, पर्यटकाची मुदत संपत आली. तिथल्या मॅडमनं दोन्ही दाखले शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारलं, तुमचं लग्न नक्की कधी झालं? मी म्हटलं, दोनदा झालं. म्हणाल्या, एकाच बाईशी? म्हटलं, हो. मग पहिलं झालेलं असताना अर्जात अविवाहित कसं? मी हळदीचं सांगायला लागलो, त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, हळद मलाही कळते हो, पण व्हिसाच्या अर्जात हळदीचा रकाना नाय. जे झालं ते खरं खरं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, घरी चौकशीला पोलीस येईल, घरच्यांनी तसंच सांगितलं पाहिजे. पटलं तर ती राहील, नाय तर मुदतीत परत जाऊन तिथून नव्यानं अर्ज.

एजंटकडं गेलो तर तो म्हणतो, सोपं हाय, पहिला दाखला गायब करा, म्हणा गावातच पहिल्यांदा झालं. नीमाला तोडकंमोडकं मराठी यायला लागलं होतं. ती म्हणाली, माझं लग्न काय मार्केटची पावती हाय, फाडून टाकायला? मी जाणार नाय आणि खोटं पण बोलणार नाय. झालं. मग मीही ठरवलं, खरं सांगूनच हिला ठेवायची. नाशिकच्या खेपा सुरू झाल्या, कधी शिक्का नाय, कधी भाषांतर नाय, कधी सगळं हाय तर सर्व्हर नाय. गावच्या जुन्या कोल्ड स्टोरेजला परत लागलो होतो, तिथला मालक म्हणायचा, अरे हंगाम चालू हाय. मी म्हणायचो, शेठ, माझाही चालूच हाय.

पण खरी अडचण घरात होती. आई म्हणाली, मी पोलिसासमोर खोटं बोलणार नाय. हळदीआधी ती सून नव्हती, साऱ्या गल्लीला मी तसं सांगितलंय. मामानं समजावलं, मी हात जोडले, आई भाकरी थापत राहिली. मग नीमा तिच्यापुढं जाऊन बसली. म्हणाली, आई, तुमच्याकडं हळद. आमच्याकडं बापानं हात दिला, माझी आई रडली. ती रडली ते खोटं?

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपली तरी उलटली नाय. मग म्हणाली, लय रडली का गं?

लय, नीमा म्हणाली.

पुढं चार-पाच दिवसांनी चौकशीला हवालदार आला. पाणी प्याला, वही उघडली, आईला विचारलं, मावशी, ही तुमची सून कधीपासून? दारात चुलती उभी, मामाही इस्त्रीचे कपडे घालून आलेला. आई म्हणाली, तिच्या आईनं तिला रडून दिली त्या दिवसापासून. हवालदार म्हणाला, मग इथली हळद? ती आमच्या हौसेची, आई म्हणाली, मामानं माइक आणला होता ना, तो वाया जाऊ नये म्हणून. मामा तिथं बसून खोकायला लागला.

व्हिसा झाला. लगेच झाला असं नाय, मुदतीच्या कडेला येऊन झाला, आणि तो मुदतीचाच असतो, परत वाढवायला जावं लागतं, जाऊ. आता नीमा आमच्याच कोल्ड स्टोरेजला काट्यावर हाय आणि कॉम्प्रेसर बंद पडला की मराठीत शिव्या देते, एवढीच प्रगती. दोघी विहिणी मोबाईलवर एकमेकींना बघतात, बोलणं काही कळत नाय, माझी आई तव्यावरची भाकर दाखवते, ती मासे दाखवते.

परवा नवीन भाडेकरीण आली शेजारी, नीमाकडं बघून आईला म्हणाली, पाव्हणी कुठली म्हणायची? आई म्हणाली, पाव्हणी तू. ती घरची हाय. बस, चहा ती करती, पिऊन जा.

तुम्हीही तसेच बसा. चहा होतोय.