भाविनीचा बाप

नाय, आत नका येऊ निर्मलाताई, तिथंच ओट्यावर बसा — आत आताच सारवलंय, ओलं आहे. ओलं नाय, सकाळीच सुकलं, पण बसा तिथंच. आणि ती पिशवी उचला आधी. तांदूळ असतील, नाय तर पोरीला फ्रॉक — काही असो, उचला. आशागडवरून टमटमचे धक्के खात आलात, पाणी देते, पाण्याला आम्ही कुणाला नाय म्हणत नाय. पाणी प्या आणि लागा वाटेला.

रविवारी प्रार्थनेला? कशाला — कमळीचा नवरा सुटून आला म्हणून टाळ्या वाजवायला? तेच सांगायला आलात ना, मला कळलं तुम्ही आंब्याखाली दिसलात तेव्हाच. इथून तिसरं घर तिचं. दिपक आला त्या दिवशी अख्खा पाडा फाट्यावर गेला त्याला आणायला, म्हातारी माणसं पण गेली. मी नाय गेले. भाविनीला ताप होता. नव्हता ताप, पण विचारणाऱ्याला काहीतरी सांगायला लागतं ना.

तुम्हाला माहीत आहे सगळं, तरी सांगते. दिपक आणि भाविनीचा बाप, दोघं एका बोटीवर खलाशी, एकाच जाळ्याला हात लावणारे, एकाच दिवशी पाकिस्तानवाल्यांनी धरले — साडेतीन वर्षं एका तुरुंगात, आणि सुटायच्या यादीत नाव एकाचं. बरं, तुम्हीच गोष्ट सांगायच्या ना, पौल आणि सीला म्हणून दोघं होते, पाय खोड्यात अडकवलेले, तरी गाणी म्हणत बसले, भुई हलली, दारं उघडली. मी सातवी शिकलेय ताई, गोष्ट नीट ऐकते. दारं दोघांची उघडली. पौल जा घरी आणि सीला तू बस, असं नव्हतं त्यात.

आणि आमचा माणूस काय गातो. गायचा एकच, तेही तुमचंच गाणं, मला चिडवायला. मी भांडी घासताना म्हणायची — दार उघड गं बाई, राजा उभा दारी — की हा मागून यायचा, दार उघड गं बाई, बोंबील आणले घरी. वर तोंड वासून हसायचा. तुमच्या प्रार्थनेला एकदा नाय आला. मला जाऊ मात्र दिलं, ते सांगायला पाहिजे. पहिलं मूल गेलं माझं तेव्हा सगळ्या बाया येऊन सांगून गेल्या — कुणाची नजर, कुणाचं काय — भगतानं दाणे पाहिले, त्यातही माझाच दोष निघाला. तुम्ही आलात आणि काही बोललात नाय, मोरीतली भांडी घासली आणि गेलात. म्हणून मी यायला लागले. नाय तर मला काय माहीत होता तुमचा येशू. तेव्हा मला वाटलं होतं, एक कुणीतरी आहे ज्याला माझा दोष दिसत नाय. जाऊ दे. आता दिसला असेल त्याला.

काय दिसला म्हणजे? काही नाय. पाणी संपलं ना, आणा तांब्या इकडं.

तुम्ही अशा बघत बसता ना, त्यानंच माणूस बोलतो. सांगते, पण कमळीला सांगाल तर या दारात परत उभं करणार नाय. डहाणूला मच्छीमार ऑफिसातल्या साहेबानं सांगितलं होतं, यादी येतेय, पण सगळे नाय सुटणार, थोडेच. त्या दिवशी घरी येऊन चुलीपुढं बसले आणि म्हटलं, देवा, एकालाच सोडणार असशील तर दिपकला राहू दे. कमळीला दोन दीर आहेत, तिचं चालून जाईल. भाविनीच्या बापाला सोड. सात दिवस हेच म्हटलं, दिपकला राहू दे, दिपकला राहू दे. भाकरी थापताना पण.

आता बघा कसं झालं ते. नवऱ्याचं नाव मी घेत नाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बायजी — सासू माझी — म्हणते बायकोनं नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं. आणि तो समुद्रात, मग तर कोण घेतंय. ऑफिसात साहेबानं नाव विचारलं तर मी पोरीला पुढं केलं, तिनं सांगितलं. मग वर तरी काय ऐकू गेलं असेल? भाविनी काय एकटी आहे जगात, का बाप एकच आहे? सात दिवसांत माझ्या घरातून नाव म्हणून एकच गेलं, दिपक. ज्याचं नाव गेलं तो आला. हसू नका. नाय हसलात? मग चांगलं.

देवानं माझं ऐकलं नाय म्हणून येत नाय, असं तुम्ही सगळ्यांना सांगत असाल. ऐकलं म्हणून येत नाय. मी दुसरीचं कुंकू मागं ठेवायला सांगितलं आणि तिच्याच शेजारी बसून टाळ्या वाजवू, कुठल्या हातांनी?

कोण घ्यायची? कमळी? माझ्या माणसाचं नाव — प्रार्थनेत, रोज? दिपकच्या बरोबरीनं? साडेतीन वर्षं?

मला कधी बोलली नाय ती. विहिरीवर रोज भेटतो आम्ही.

ते नका उघडू. मी म्हटलं ना पिशवी उचला — दिपकनं दिलीय? मग आधी नाय का सांगायचं, मी मघापासून तांदूळ तांदूळ करतेय. द्या इकडं. मणी आहेत. बांगडी आहे, मण्यांची, ओवलेली. तुरुंगात बसून हे करतात? त्याला तर जाळ्याची गाठ धड येत नव्हती, बोटीवरचा तांडेल शिव्या द्यायचा. बघा, केवढीशी केलीय. दोन वर्षांच्या पोरीच्या मापाची. तिथं त्याची पोर अजून दोन वर्षांचीच आहे. इथं ती सहाव्यात गेली, तिची तीन बोटं पण नाय जायची यातून.

आणि काय म्हणाला दिपक? गातो? तो नाय गात, दुसरा कुणी असेल. कुठलं गाणं?

बोंबील आणले घरी.

सगळी बराक म्हणते? त्याच्या मागून? आणि हसतात. हसणारच. त्याचं तोंडच तसं आहे.

नको, प्रार्थना नको आता. रविवारचं पण विचारू नका, मी येते म्हटलेलं नाय. बायजी गवताला गेलीय ना — गेलीय, विळा नाय खुंटीला. तुम्ही तिकडं बघा, रस्त्याकडं. माझ्याकडं नका बघू.

सुनिल.

सुनिल त्याचं नाव. सुनिल.

झालं. ऐकलं ना? मग आता उठा, पाचची टमटम गेली की दुसरी नाय. तांब्या राहू दे तिथंच. बांगडी पण. जा म्हणते ना ताई, जा.